पगारवाढीचा करार आणि बोलणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज अशा कारखान्यांच्या पट्ट्यांत दर तीन-साडेतीन वर्षांनी, युनियन आणि मॅनेजमेंटमध्ये पगारवाढीचा करार होताना, तेच नाटक नव्या पात्रांसह उभं राहतं : मागणीपत्र, बैठका, गेट मीटिंग, अडकलेली बोलणी, मग एका रात्री उशिरा सह्या आणि सकाळी गुलाल. नवी पात्रं मला विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही शिबिरांत आलेले, काही टपरीवर, बरेचसे रात्री साडेअकराला फोनवर. मी आधी युनियनच्या कमिटीवर होतो, नंतर कामगार कायद्याचा डिप्लोमा केला आणि आता दोन्ही बाजूंच्या लोकांना शिकवतो. तोल गेला तर तो कामगारांच्या बाजूला जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

परवाच कमिटीवर निवडून आलो. शिकायला सुरुवात कुठून करू?

टेबलापासून नको, कपाटापासून करा. आपल्या कंपनीचे मागचे तीन करार काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. कुठलं कलम दर वेळी जसंच्या तसं पुढे आलं, कुठलं गुपचूप गळालं, कुठल्या कलमावरून नंतर भांडणं झाली, याच्या खुणा करा. मग वेगवेगळ्या खात्यांतल्या, वेगवेगळ्या सेवेच्या वीस जणांच्या पगार-स्लिपा घ्या (नावं झाकून) आणि प्रत्येक ओळ कुठून येते ते समजून घ्या. बेसिक, डीए (महागाई भत्ता), घरभाडं, शिफ्ट अलाउन्स, अटेंडन्स बक्षीस. ज्याला स्वतःच्या खात्याची स्लिप फोडून सांगता येत नाही त्याने टेबलावर तोंड उघडू नये, असं माझं मत आहे.

पहिल्या करारात बोलायची घाईही करू नका. लिहून घ्या. कोण काय म्हणालं, किती वाजता, कुठला आकडा पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आला. तीन महिन्यांनी ती वही सगळ्यांना लागते, समोरच्या साहेबांनासुद्धा.

मागणीपत्रात किती मागण्या असाव्यात? आमच्या सभासदांनी एक्केचाळीस दिल्यात.

एक्केचाळीस द्यायला हरकत नाही, पण त्यातल्या खऱ्या किती हे कमिटीला पहिल्या बैठकीआधी ठाऊक हवं. साधारण असं असतं : पाच-सहा मागण्यांवर करार उभा राहतो, दहा-बारा देवाणघेवाणीसाठी असतात आणि उरलेल्या कोणाच्या तरी समाधानासाठी. कँटीनमध्ये शुक्रवारी अंडाकरी ही मागणी हसण्यावारी नेऊ नका. तिच्यामागे एक पूर्ण शिफ्ट उभी असू शकते.

अवघड काम आहे ते क्रम लावण्याचं, आणि हीच तुमची पहिली वाटाघाट. ती मॅनेजमेंटशी नसते, आपल्याच माणसांशी असते. पन्नाशीच्या कामगाराला रक्कम बेसिकमध्ये हवी, कारण त्याला ग्रॅच्युइटी दिसते. अठ्ठाविशीच्या पोराला हप्ते भरायचेत, त्याला हातात रोख हवी. टूलरूमला कौशल्याचा फरक हवा, असेंब्लीला सरसकट वाढ. हा वाद कमिटीच्या खोलीत मिटला नाही तर मॅनेजमेंट तो टेबलावर मिटवते, तिच्या सोयीने.

आम्ही दरमहा बारा हजारांची वाढ मागितली, कंपनी साडेचार म्हणते. मधला आकडा निघतो कसा?

अर्ध्यावर येऊन, असं बाहेरच्यांना वाटतं. कधी कधी खरंही असतं. पण ज्याच्याजवळ आकड्यामागे कारण असतं, त्याच्याकडे तो मधला आकडा सरकतो.

कारणं साधारण चार प्रकारची. पहिलं, महागाई : मागचा करार झाल्यापासून ग्राहक किंमत निर्देशांक किती वाढला आणि त्यातला किती भाग डीएने आधीच भरून काढला. दुसरं, त्याच पट्ट्यातल्या त्याच धंद्यातल्या कंपन्यांचे अलीकडचे करार. न्यायालयंही वेतन ठरवताना प्रदेश आणि उद्योग दोन्ही बघत आली आहेत. तिसरं, कंपनीची ऐपत. चौथं, उत्पादकता.

दुसऱ्या कारणाबाबत एक इशारा. 'शेजारच्या कंपनीत पंधरा हजारांचा करार झाला' हे वाक्य व्हॉट्सअपवर फिरतं तेव्हा त्या पंधरा हजारांत काय काय मोजलंय ते कोणी सांगत नाही. कधी त्यात मेडिक्लेमचा हप्ता असतो, बसचा खर्च असतो, दिवाळीची भेटसुद्धा असते. कराराची प्रत मिळवल्याशिवाय तो आकडा टेबलावर आणू नका. समोरच्या एचआरकडे ती प्रत बहुतेक वेळा असतेच, आणि मग तुमचे पुढचे तीन आकडेही खोटे वाटू लागतात.

गरजेवर आधारित हिशेब मांडायचा असेल तर त्याला जुना आणि भक्कम पाया आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं माप ठरवलं : एका कमावत्यामागे तीन ग्राहक-एकक, प्रौढ माणसाला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी किमान वेतनाचे २० टक्के. १९९१ साली रेप्टाकॉस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. आपल्या गावच्या बाजारभावाने हा हिशेब एकदा कमिटीने बसून करावाच. करार त्यावर होत नाही, पण बोलायचा सूर बदलतो. 'आम्हाला वाढवून द्या' म्हणणारा आणि 'चार माणसांच्या घराला इतके लागतात, हा बघा कागद' म्हणणारा, यांच्याकडे साहेब वेगळ्या नजरेने बघतात.

करार नऊ हजारांचा झाला, पण शेजारच्या नऊ हजारांच्या करारापेक्षा आमच्या लोकांना कमी मिळालं. असं कसं?

टप्प्यांमुळे. करार तीन वर्षांचा असतो आणि रक्कम सहसा तीन हप्त्यांत लागू होते. नऊ हजार तिन्ही वर्षांत सारखे वाटले तर पहिल्या वर्षी दरमहा ३,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ९,०००. तीन वर्षांत हातात पडले २,१६,०००. तेच ५०-३०-२० टक्क्यांनी वाटले तर ४,५००, मग ७,२००, मग ९,०००, म्हणजे २,४८,४००. फलकावर दोन्हीकडे 'नऊ हजार' आणि माणशी फरक ३२,४०० रुपयांचा.

म्हणून बोलणी शेवटाला येऊन आकडा पाचशेवर अडला की मी लोकांना सांगतो, पाचशे सोडा आणि टप्पे हलवा. मॅनेजमेंटच्या माणसाला वरच्या साहेबांना एकूण आकडा दाखवायचा असतो; तो त्याला राखू द्या. तुम्हाला पहिल्या वर्षाची रोख मिळते. हे उलट्या दिशेनेही चालतं : एचआरने मोठा आकडा देऊन टप्पे मागे ढकलले की कमिटी गुलाल उधळते आणि हिशेब वर्षभराने कळतो.

वाढ बेसिकमध्ये घ्यावी की अलाउन्समध्ये?

हजार रुपये बेसिकमध्ये गेले की कंपनीचा खर्च हजारावर थांबत नाही. पूर्ण बेसिकवर पीएफ भरणारी कंपनी असेल तर १२ टक्क्यांनी १२० रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भागिले सव्वीस या सूत्राने, साधारण ४.८१ टक्के, म्हणजे ४८. महाराष्ट्राच्या १९८३ च्या किमान घरभाडं भत्ता कायद्याप्रमाणे ५ टक्के, म्हणजे ५०. झाले १,२१८. रजेचे पैसे आणि दुप्पट दराचा ओव्हरटाईम अजून धरलेला नाही. याला कोणी 'रोल-अप' म्हणतं, कोणी 'साखळी खर्च'. २४० कामगार आणि ३६ महिने धरले तर बेसिकमधल्या एका हजाराची किंमत एक कोटी पाच लाखांच्या वर जाते.

हे गणित तुम्हाला येत असलं की समोरचा 'बेसिकमध्ये देता येत नाही' का म्हणतोय ते कळतं, आणि तो किती खोटं बोलतोय तेही. पीएफची कायदेशीर सक्ती १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच आहे. तुमची कंपनी तिथेच थांबत असेल तर वरचे १२० रुपये त्यांच्या खर्चात येतच नाहीत.

आणखी एक बदल लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. बेसिक लहान ठेवून 'स्पेशल अलाउन्स' फुगवण्याच्या जुन्या युक्तीची धार त्यामुळे बोथट झाली. जुने करार पुढे ठेवून नवा करताना बेसिक आणि भत्त्यांचा हा हिशेब नव्याने मांडायला लागतो.

पगार वाढला आणि ईएसआयसी गेली. आता सभासद आम्हालाच शिव्या देतात.

बरोबर देतात. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, वेतनमर्यादा २१,००० आहे. वीस हजार दोनशेवर असलेल्या माणसाला साडेचार हजार वाढले की चालू अंशदान कालावधी संपताच (तो सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर संपतो) तो योजनेबाहेर. म्हातारे आईवडील ज्या कार्डावर औषधं घेत होते ते कार्ड गेलं.

बोलणी करतानाच याद्या काढा : वाढीनंतर किती जण मर्यादा ओलांडतील. कंपनी त्यांच्यासाठी ३.२५ टक्के भरत होती, म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. तो पैसा वाचतोय, तो आईवडिलांसह मेडिक्लेममध्ये घाला, ही मागणी नाकारायला एचआरलाही जड जाते. पण ती सहीच्या आधी करायची असते. माझ्या पहिल्या करारात आम्ही ती नंतर केली. पुढची दोन वर्षं कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नव्हतं.

डीए स्थिर ठेवावा की निर्देशांकाशी जोडावा?

जोडलेला असेल तर सोडू नका. मॅनेजमेंट तो गोठवायला मोठी रक्कम देऊ करते, कारण महागाईचा धोका तिला नको असतो. मग तो तुमच्याकडे येतो. जुन्या करारांत पायाभूत वर्ष १९६०, कुठे १९८२, कुठे २००१ असतं. हा निर्देशांक काढणाऱ्या लेबर ब्युरोची चालू मालिका २०१६ ची आहे आणि तिचा अखिल भारतीय आकडा २००१ च्या मालिकेत आणायला २.८८ ने गुणायचं. कुठल्या केंद्राचा (शहराचा) निर्देशांक, किती महिन्यांची सरासरी, अंशामागे किती पैसे, एवढं कराराच्या मजकुरात स्पष्ट हवं. 'प्रचलित पद्धतीप्रमाणे' हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

टेबलावर कोणी बोलायचं?

एकाने. दुसऱ्याने आकडे सांभाळायचे, तिसऱ्याने लिहायचं, बाकीच्यांनी चेहरे सांभाळायचे. चेहरे हे खरंच काम आहे. साहेबांनी आकडा सांगितला आणि तुमच्यातल्या एकाने शेजाऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या की पुढच्या अर्ध्या तासाचं बोलणं फुकट.

काही खटकलं तर बाहेर जायला वेळ मागा. 'आम्ही दहा मिनिटं बसून येतो' यात कमीपणा नाही. आत भांडणं म्हणजे समोरच्याला आपल्या भिंतीतली भेग दाखवणं.

मी युनियनचा नाही, एचआरमध्ये नव्याने लागले आहे. मला पुढच्या महिन्यापासून बोलणीत बसवणार आहेत. माझ्यासाठी काही?

तुमची अडचण वेगळी आणि कमी बोलली जाणारी आहे. कमिटीला निदान गेटवर जाऊन लोकांना विचारता येतं. तुम्हाला फायनान्स, उत्पादन आणि कुठल्यातरी दुसऱ्या शहरातलं मुख्यालय या तिघांची संमती लागते, आणि तिघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. फायनान्सला एकूण खर्च, प्लांट हेडला संप नको आणि उत्पादनाचा आकडा हवा, मुख्यालयाला बाकीच्या प्लांटमध्ये पायंडा नको. ही मर्यादा बोलणी सुरू होण्याआधी लेखी घ्या. 'बघू, तुम्ही बोलून तर बघा' एवढ्यावर टेबलावर बसलात तर दिलेला शब्द मागे घ्यायची पाळी येते, आणि एकदा शब्द मागे घेतलेल्या एचआरशी कमिटी पुढचे दोन करार बोलत नाही. तुमच्या डोक्यावरून थेट प्लांट हेडकडे जाते.

दुसरं : जुन्या कमिटी मेंबरांना कारखान्याची आठवण तुमच्याहून जास्त असते. वीस वर्षांपूर्वी पेंट शॉपमध्ये कुणाला किती भत्ता ठरला होता ते त्यांना तारखेसह माहीत असतं. 'दादा, हे मला ठाऊक नव्हतं, बघून सांगते' असं म्हणणाऱ्या बाईंबद्दल कमिटीत वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही.

कंपनी तोटा सांगते, ताळेबंद दाखवत नाही.

ताळेबंद तिने दाखवायची वाट कशाला बघता? कंपनी कायद्याखाली दाखल झालेले हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून मिळतात. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल फुकटच. त्यात तीन ओळी बघा : उलाढालीत कामगार-कर्मचारी खर्चाचं प्रमाण, मूळ परदेशी कंपनीला जाणारी रॉयल्टी आणि तांत्रिक फी, आणि संबंधित कंपन्यांशी झालेले व्यवहार. तोटा खराही असू शकतो हेही मान्य करायची तयारी ठेवा. खरा असेल तर रकमेऐवजी काळावर बोला : आता कमी, अठरा महिन्यांनी फेरविचार, आणि तो फेरविचार करारात कलम म्हणून.

उत्पादन वाढवायची अट मान्य करावी का?

करा, पण मोजून. '१५ टक्के उत्पादकता' म्हणजे नगांची संख्या, माणशी नग, की मंजूर मनुष्यबळ कमी करणं? शेवटचं असेल तर ते कंत्राटी भरतीचं दार आहे. टाईम स्टडीच्या (कामाला लागणारा वेळ मोजण्याच्या) वेळी युनियनचा माणूस हजर राहील, मशीन बंद, साहित्य नाही, वीज नाही अशा वेळा वजा होतील, आणि नवं मशीन आलं तर प्रमाण पुन्हा ठरेल, ही तीन वाक्यं मागून घ्या.

आमच्याकडे दोन युनियन आहेत. कंपनीने कोणाशी बोलायचं?

महाराष्ट्रात वर्षानुवर्षं याचं उत्तर १९७१ च्या कायद्यात होतं, ज्याला सगळे नुसतं 'पल्प ॲक्ट' म्हणतात. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत, अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळते, आणि मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे बोलणी न करणं ही मालकाची अनुचित कामगार प्रथा ठरते. युनियनने प्रामाणिकपणे बोलणी नाकारली तर तीही. नव्या औद्योगिक संबंध संहितेत देशपातळीवर वेगळं माप आलं : अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकमेव वाटाघाट युनियन, तसं कोणीच नसेल तर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी वाटाघाट परिषद. ५१ जवळ नसलेल्या दोन युनियनना आता एकमेकींशी आधी बोलावं लागेल. मला यात वाईट काही दिसत नाही.

कागदावरची मान्यता आणि माणसांची साथ एकाच ठिकाणी नसली की काय होतं, याचं उदाहरण गिरणगावाने बघितलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कायदा ज्यांच्याशी बोला म्हणत होता त्यांच्यामागे लोक नव्हते, आणि ज्यांच्यामागे लोक होते त्यांच्याशी बोलायला मालक आणि सरकार तयार नव्हते. संप हरायला आणखी पुष्कळ कारणं होती, त्यावर आजही वाद होतात. पण बोलणी शिकणाऱ्याने हे एक कारण नीट समजून घ्यावं.

बोलणी अडली. आता?

आधी बघा कुठे अडली. आकड्यावर, की कोणाच्या तरी मानापमानावर? दुसरं असेल तर औपचारिक बैठक बंद ठेवून दोन्हीकडचे दोघे-दोघे चहाला भेटतात. याला 'साइड मीटिंग' म्हणतात आणि कमिटीला न सांगता ती केली तर 'फुटला' म्हणतात. सांगून करा.

मग समेट अधिकारी. कामगार आयुक्तालयाचे हे अधिकारी निकाल देत नाहीत, जुळवून आणतात. चांगला अधिकारी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून खरा आकडा काढून घेतो, म्हणून त्याच्यापुढे भाषण करू नका. संपाची नोटीस नव्या संहितेप्रमाणे चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि हे आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. मुद्दाम काम हळू करणं तर पल्प ॲक्टखालीही अनुचित प्रथेतच बसत आलं आहे.

आणि संपाची धमकी देण्याआधी आपल्या लोकांच्या घरी किती महिन्यांचं पीठ आहे ते मोजा. ज्या खात्यात गृहकर्जाचे हप्ते भरणारे जास्त ते पहिला पगार बुडताच अस्वस्थ होतं, हे साहेबांनाही ठाऊक असतं.

'बारा-तीन' आणि 'अठरा-एक' म्हणजे नेमकं काय? सगळे बोलतात, सांगत कोणी नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कलमं. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार १२(३) चा. तो सगळ्या कामगारांना, अगदी उद्या भरती होणाऱ्यालाही बांधतो. आपसात बसून केलेला करार १८(१) चा. तो सही करणाऱ्या पक्षांपुरता. महाराष्ट्राच्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त युनियनचा १८(१) चा करारही सगळ्यांना बांधणारा केला होता. नव्या संहितेत कलमांचे क्रमांक बदलले, पण समेटातला करार आणि आपसातला करार हा फरक कायम आहे. लोक अजून अनेक वर्षं 'बारा-तीन'च म्हणतील.

करार झाल्यावर 'मला त्यातलं एक कलम मान्य नाही' म्हणून कोर्टात जाणाऱ्यांसाठी : करार एकसंध बघायचा असतो, सोयीचं ठेवून गैरसोयीचं कापता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने हर्बर्टसन्सच्या खटल्यापासून (१९७६) सांगितलं आहे.

मुदत संपली, नवा करार झाला नाही. जुना संपला का?

नाही. कोणत्याही बाजूने तो संपवल्याची लेखी नोटीस देऊन साधारण दोन महिने होईपर्यंत तो बांधतोच. म्हणून मुदतीच्या दोन महिने आधी नोटीस आणि मागणीपत्र एकत्र देण्याची पद्धत आहे.

मधल्या महिन्यांच्या पैशाला 'फरक' म्हणतात. फरक आपोआप मिळत नाही, करार कुठल्या तारखेपासून लागू हे लिहावं लागतं. बँकांचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ ला झाला आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला, म्हणजे सोळा महिन्यांचा फरक. कारखान्यांत इतकं ओढून धरलं की मॅनेजमेंट 'फरकाऐवजी एकरकमी' देऊ करते. घ्यायला हरकत नाही, पण एकरकमी आकड्यात या काळात निवृत्त झालेले बसतात का ते विचारा. त्यांच्यासाठी तिथे बोलणारं कोणी नसतं.

कंत्राटी आणि ट्रेनी पोरांचं काय? ते सभासदच नाहीत.

लाईनवर मात्र तेच आहेत. कायम कामगारांचा प्रत्येक करार त्यांच्या संख्येवर उभा आहे, हे कमिटीतल्या प्रत्येकाला आतून माहीत असतं आणि मागणीपत्रात ते सत्ताविसाव्या क्रमांकावर येतं. दर वर्षी किती जण कायम होणार, कुठल्या क्रमाने, हे आकड्यात लिहून घेणाऱ्या युनियन आहेत. 'सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल' लिहून घेणाऱ्याही आहेत. दहा वर्षांनी कोणाकडे सभासद उरतात ते बघा.

गेट मीटिंगमध्ये लोक ओरडतात. करार पटवायचा कसा?

करार झाल्यावर पटवायला गेलात तर उशीर झाला. दर बैठकीनंतर चार ओळी फलकावर लावणारी कमिटी शेवटच्या दिवशी कमी ओरडा खाते. मॅनेजमेंटचा आकडाही सांगा, तो लाजिरवाणा असला तरी. आणि सुरुवातीला 'पंधराच्या खाली सही नाही' असं माईकवर म्हणू नका. नऊवर सही करायची वेळ येते तेव्हा तोच आवाज कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतो.

सराव कसा करायचा? खऱ्या बोलणीत शिकणं महाग पडतं.

मी शिबिरात हा खेळ घेतो. पाच-पाच जणांचे दोन गट, कारखाना ३०० कामगारांचा. युनियनच्या गटाला चिठ्ठीत : ६,५०० च्या खाली उतरायचं नाही. मॅनेजमेंटच्या गटाला : ७,५०० च्या वर जायचं नाही. म्हणजे करार व्हायला हजार रुपयांची जागा आहे. पण प्रत्येक गटातल्या दोघांना आणखी एक गुप्त चिठ्ठी देतो. युनियनमधल्या एकाला 'तुला तीन वर्षांत निवृत्त व्हायचंय', दुसऱ्याला 'तुझ्या खात्यात सगळे पंचविशीचे'. मॅनेजमेंटमधल्या एकाला 'तिमाहीचा खर्च', दुसऱ्याला 'या महिन्याची निर्यात'. वेळ पंचेचाळीस मिनिटं.

निम्म्या वेळा करार होत नाही. जागा असून होत नाही. कारण तीस मिनिटं गट आपापसातच भांडतात आणि उरलेल्या पंधरात समोरच्यावर राग काढतात. मग बाजू बदलून पुन्हा खेळतो. एचआरची माणसं युनियनच्या खुर्चीत बसली की सर्वांत जहाल तीच असतात, हे दर वेळी बघायला मिळतं.

रीतसर शिक्षण कुठे?

परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था ही जुनी आणि विश्वासाची जागा. पुणे विद्यापीठाचा कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा नोकरी करत करता येतो. दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण मंडळ आहेच. त्यांचे वर्ग साध्या भाषेत आणि कामगारांसाठीच असतात. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी संस्थेतही कार्यक्रम होतात. कायदा या सगळ्या ठिकाणी शिकाल. भुवया सांभाळणं मात्र वरच्या खेळात.

करार इंग्रजीत टाइप होऊन येतो. मराठीत मागता येईल का?

मागाच. दोन्ही भाषांत करा, दोन्हींवर सह्या घ्या, आणि फरक पडला तर कुठली प्रत ग्राह्य ते शेवटच्या कलमात लिहा. सहीच्या रात्री दोन वाजता वकिलांनी घाईघाईत वाचून दाखवलेल्या इंग्रजी परिच्छेदावर मान डोलावू नका. सकाळी आठला वाचू म्हणा, शिफ्ट सुटू दे. मराठी मसुदा वाचताना कमिटीतल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळतो ते वाक्य बदलून घ्या.